गाळाचा वाटा

वैशाख आला की मला किळस यायला लागते. उन्हाची नाही, घामाचीही नाही. विरार पश्चिमेच्या आमच्या गृहसंकुलाच्या फाटकातून एक टेम्पो आत येतो, त्यातून प्लास्टिकच्या गोण्या उतरतात, आणि त्या गोण्यांत फेटे असतात. बांधलेले, तयार, आतून इलास्टिक लावलेले. टोपी घालावी तसे डोक्यात घालायचे, फोटो काढायचे आणि परत गोणीत टाकायचे. गेल्या वर्षी कुणाकुणाच्या डोक्याला लागलेलं तेल त्यांत मुरलेलं असतं. त्या वासाने मला कळतं की महाराष्ट्र दिन जवळ आला.

मग बाकीचं सामान येतं. चिमट्याच्या नथी, शिवलेल्या नऊवाऱ्या, थर्माकोलच्या ढाली, चंदेरी मुलामा दिलेल्या तलवारी. आमच्या शेजारच्या अनघाताई म्हणजे या सगळ्याचा प्राण. बाई मनाने चांगल्या, पण नऊवारी अंगात चढली की त्यांच्या अंगात आणखीही काहीतरी चढतं. लिफ्टमध्ये भेटल्या तरी कमरेवर हात ठेवून, मान वेळावून म्हणतात, "काय मग मॅडम, यंदा निवेदन जोरदार पाहिजे हं! काटा आला पाहिजे अंगावर!"

निवेदन माझं असतं. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे मराठीत जे जे काही भारदस्त लिहायचं ते माझ्याच गळ्यात येतं. आसपासच्या इमारतींचं मिळून एक मंडळ आहे. ते दर वर्षी निर्मळ-वटारच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात 'महाराष्ट्र दर्शन' भरवतं. मी लिहायची, "इथल्या मातीचा कणन् कण बोलतो." आणि बोलायचा तो लाऊडस्पीकर. त्याच्या धक्क्यांनी बाजूच्या वाडीतल्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर यायला तयार नसायच्या.

माझं या राज्यावर प्रेम नाही असं कुणी समजू नये. आहे म्हणूनच तर मळमळतं. नावडत्या माणसाचं सोंग कुणी काढलं तर आपल्याला मजा वाटते. आवडत्या माणसाचं काढलं की पोटात ढवळतं.

आम्ही मूळचे वाईकडचे. वडिलांना वसईच्या कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही वटारला एका वाडीत भाड्याने राहायला आलो. वाडी म्हणजे केळी, नागवेली, सोनचाफा, अळू, आणि मधोमध बावखल. बाहेरच्या माणसाला बावखल म्हणजे काय ते सांगावं लागतं. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. फार मोठं नाही, या काठावरून हाक मारली तर त्या काठावरच्या माणसाने चिडून "ओरडतेस कशाला?" म्हणावं एवढंच. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, जमिनीत मुरायचं, आणि त्याच्या जोरावर समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरीचं पाणी गोड राहायचं. काठावर जुना रहाट होता. आमच्या वेळी तो फिरत नव्हता, इंजिन आलं होतं. पण त्याच्यावर बगळे बसायचे.

ती वाडी फिलूमावशींची. फिलूमावशी ख्रिस्ती, आम्ही हिंदू. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायच्या, माझी आई सोमवारी निर्मळच्या देवळात. दोघींचं पाणी एकाच विहिरीचं. आईला वसईचं पहिलं कौतुक वाटलं ते घंटेमुळे. तिच्या माहेराजवळ नदीकाठच्या देवळात एक मोठी घंटा आहे. मराठ्यांनी वसईचा किल्ला सर केला तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांतली ती एक. म्हणजे आईने वसई पाहण्याच्या कितीतरी आधी वसईचा आवाज ऐकला होता. हे तिने फिलूमावशींना सांगितलं तेव्हा त्या केळीची पानं कापत होत्या. विळा थांबवून म्हणाल्या, "आमची घंटा तुमच्या देवाकडं? मग वाजते ना नीट? वाजत असली म्हंजे झालं."

हा प्रसंग मी एका वर्षी निवेदनात घातला होता. मला वाटलं, आपला महाराष्ट्र खरा काय आहे ते एवढ्यातच सगळं आलं. मंडळाच्या अध्यक्षांनी तो परिच्छेद खोडला. "मॅडम, सुंदर आहे हो, पण उगाच कॉन्ट्रोव्हर्सी नको." त्याच्या जागी तोफांचा आवाज घातला. रेकॉर्ड केलेला.

त्या वाडीतला वैशाख म्हणजे गाळाचे दिवस. बावखलाचं पाणी आटून तळाला जायचं, उरलेलं इंजिनने उपसून केळीच्या पाटात सोडायचं, आणि तळाचा गाळ काढायचा. त्या बावखलावर तीन घरांचा हक्क होता, फिलूमावशींचं आणि त्यांच्या दोन दिरांचं. तिन्ही घरांतली माणसं उतरायचीच. पण आमच्यासारख्या भाडेकरूंनाही सुटका नव्हती. पाणी प्यायचं असेल तर गाळात उतरायचं, असा तिथला सरळ हिशेब.

त्या गाळाचा वास अजून माझ्या नाकात आहे. कुजलेली पानं, शेवाळ, बेडूक, मासळी, आणि तळाशी काहीतरी थंडगार, जुनं. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत, आणि बाहेर काढताना चिखल असा आवाज करायचा की आम्ही मुलं हसून हसून बसायचो, आणि बसलो की आणखी माखायचो. बोटांच्या बेचक्यांतून तो काळा लगदा वर यायचा. एकदा माझ्या पोटरीला जळू लागली. मी किंचाळले. फिलूमावशींनी चिमूटभर मीठ टाकून ती सोडवली आणि म्हणाल्या, "रडू नको गो बाय. थोडंसं रगत तिला, बाकीचं सगलं तुला."

गाळाच्या पाट्या केळीच्या बुंध्याशी रित्या व्हायच्या. वर्षभर ज्या वाडीने बावखलात पानं टाकली, तीच पानं गाळ होऊन तिच्याकडे परत यायची. आई काठावर पदर नाकाला लावून उभी. "काय ही घाण, काय ही घाण," एवढंच तिचं चालायचं. फिलूमावशी खालून ओरडायच्या, "घान नाय गो! केलीचं जेवन हाय ते!"

मासळी मिळायची ती वेगळी. मरळ, शिंगाळी, बारीक चमचमणारी काहीबाही. ती वाटायची एक पद्धत होती. काठावर केळीची पानं मांडायची, प्रत्येकावर एकेक वाटा घालायचा. मग फिलूमावशी पाठ फिरवून सोनचाफ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. कुणीतरी एका वाट्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हा कुनाचा?" त्या न बघता नाव घ्यायच्या. मोठी मरळ भाडेकरूच्या नावावर गेली तर गेली. बोटाएवढ्या चार मासळ्या घरच्या दिराला आल्या तर आल्या. कुणी कुरकुर करायचं नाही. एकच नियम होता. अंगाला गाळ लागलेला नसेल त्याचं नावच घ्यायचं नाही. काठावर उभं राहून सल्ले देणाऱ्या एका पाहुण्याला एकदा फिलूमावशींनी तोंडावर सांगितलं होतं, "अंगाला गाल नाय, त्याला वाटा नाय. आनि वाटा नाय, त्याला बोल पन नाय."

पहिल्यांदा माझं नाव घेतलं गेलं तेव्हा मी इतकी लहान होते की पान दोन्ही हातांनी छातीशी धरावं लागलं. गाळाने डोक्यापासून पायापर्यंत काळी, पानात दोन शिंगाळ्या, अशी मी दारात उभी राहिले. आई ओरडली, "ई! कसली घाण ही?"

मी म्हटलं, "माझा वाटा आहे."

आमच्या घरात मासे शिजत नसत. आईने ते पान सांडशीत धरून फिलूमावशींना नेऊन दिलं आणि मला ओसरीवर उभं करून नारळाच्या काथ्याने घासलं. संध्याकाळी मावशींनी त्या बदल्यात सुकेळी पाठवली. राजेळी केळी उन्हात वाळवून, मधासारखी चिकट झाली की पानात बांधून ठेवायची, ती. आईने ती देवापुढे ठेवली. घाणीच्या बदल्यात नैवेद्य आला, हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. पुढच्या वर्षी मात्र ती नाकाला पदर न लावता काठावर उभी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी उतरली.

यंदाच्या वैशाखात अध्यक्ष माझ्याकडे घरी आले. सोबत अनघाताई. चहा झाला, बिस्किटं झाली, मग विषय निघाला. मैदान अपुरं पडतं, गाड्या लावायला जागा नाही. मैदानाला लागूनच एक डबकं आहे, ते भरून घेतलं तर प्रश्न मिटतो. ज्यांची जागा आहे त्यांतल्या दोन घरांनी होकार दिलाय. एक म्हातारी अडून बसली आहे.

"तुम्ही लहानपणी तिथेच राहत होतात ना मॅडम? तुमचं ऐकेल ती."

डबकं म्हणजे आमचं बावखल, हे समजायला मला चहाचा कप खाली ठेवावा लागला.

"आणि मॅडम, तुम्हाला आवडेल अशी आयडिया आहे," अध्यक्ष पुढे सरकले. "या वर्षीची आपली थीम आहे 'आपली वसई, आपलं पाणी'. स्टेजच्या बाजूला आपण फायबरचं बावखल उभं करतोय! निळं पाणी, कमळं, मोटरवर फिरणारा रहाट. खाली लाइटिंग. लोक सेल्फी काढतील. नव्या पिढीला कळायला नको, बावखल म्हणजे काय ते?"

खरं बावखल दगडमातीने बुजवायचं, आणि त्याच्यावर गाड्या लावून खोटं बावखल बघायला जायचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, हसतील. हसले नाहीत. अनघाताई तर डोळे मोठे करून म्हणाल्या, "किती छान ना?" इतकी वर्षं शिव्यांशिवाय मराठी शिकवल्याचा त्या दिवशी मला पश्चात्ताप झाला.

आमच्या भागात निर्मळच्या तळ्याची एक गोष्ट सांगतात. कुणी असुर माजला होता, त्याचा नाश झाला आणि जागा निर्मळ झाली. लहानपणी मला वाटायचं, असुर म्हणजे शिंगं, सुळे, लाल डोळे. आता कळतं, असुर अत्तर लावून येतो, चहाला थांबतो आणि निघताना वाकून नमस्कार करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वटारला गेले. रस्ता तोच आहे, नावापुरता. केळीच्या पानांचे भारे बांधलेल्या सायकली दिसतात अजून, त्यांना हॉर्न मारणाऱ्या गाड्या जास्त. फुलांच्या टोपल्या घेऊन दोघी जणी रिक्षाची वाट बघत होत्या. सोनचाफ्याचा वास आला आणि लगेच डिझेलने तो खाल्ला. एका कुंपणावर मेथी वाळत होती. देवळाच्या पायरीवर एक आजोबा वाल सोलत बसले होते. हे दिसलं की मला धीर येतो. निवेदनात घालण्यासारखं यात काहीच नसतं, म्हणून ते आजवर वाचलं असावं.

फिलूमावशी ओसरीवर बसल्या होत्या. आता त्या फार म्हाताऱ्या झाल्या आहेत, काठीशिवाय उठत नाहीत, पण आवाज तसाच. "आलीस काय गो बाय? त्यांनी धाडली ना तुला?"

मी खोटं बोलले नाही. "हो."

"बघून ये आधी. मंग बोलू."

त्यांचा मुलगा पास्कू माझ्याबरोबर आला. पन्नाशीचा, शांत माणूस. वाडी तोच बघतो. बावखलाच्या काठावर उभी राहिले आणि मी नाकाला पदर लावला. आईची आठवण झाली, पण हा वास तो नव्हता. गाळाच्या वासात पानं होती, मासे होते, काहीतरी पुन्हा उगवण्याची गोष्ट होती. याच्यात काहीच उगवणार नव्हतं. पाण्यावर तेलकट साय, तिच्यात अडकलेल्या द्रोण-पत्रावळ्या, पानांच्या नव्हे, त्या चकचकीत. पाण्याच्या बाटल्या. भिजून फुगलेलं डायपर. थर्माकोलच्या ढालीचे तुकडे. एका चंदेरी तलवारीची मूठ वर आलेली. आमच्या महोत्सवाचं सगळं उष्टं मैदानाच्या या बाजूने कुंपणापलीकडे ढकललं जात होतं, आणि आता त्याच उष्ट्याकडे बोट दाखवून लोक म्हणत होते, बघा, डबकं झालंय, बुजवून टाका. आधी थुंकायचं आणि मग म्हणायचं, भांडं खरकटं आहे, फेकून द्या. काठावर एक ट्रक रिकामाही झाला होता. फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, कुणाच्या तरी संडासाचं फुटकं भांडं, निम्मं पाण्यात.

"हे कुणाला विचारून टाकलं?" मी विचारलं.

"कोनाला नाय विचारलं," पास्कू म्हणाला. "मॅडम, खरं सांगू? मी पन थकलो. दोन्ही काकांच्या घरांनी हो म्हटलं. आपनच कशाला वाईट व्हायचं? पन विहिरीचं काय, ते कोन सांगत नाय. तिकडच्या पाड्यावरचं बावखल भरलं, तर दुसऱ्या उन्हाल्यात विहिरी खाऱ्या झाल्या. चाफा करपला त्यांचा. आमची विहीर गेली तर आय जिवंतपनी मरंल."

ओसरीवर परत आलो तेव्हा मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. विहिरीचं पाणी. मी प्यायले. गोड होतं अजून.

"त्यांना सांग," मावशी म्हणाल्या, "मी नाय म्हनत नाय. आमची रीत हाय तशी करू. येत्या शनवारी गाल काढायचा. ज्याला बावखलाचं काय ठरवायचं हाय, त्यानं खाली उतरायचं. उतरला तर वाटा घेल, वाटा घेतला तर बोलंल. मी ऐकीन त्याचं."

मी निरोप तसाच्या तसा पोचवला. अध्यक्षांना तो फार आवडला. "वा! परंपरा! आपण व्हिडिओ करू याचा." फायबरचं बावखल ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्यांना गाळ काढणं हा कार्यक्रम वाटावा यात नवल नाही.

शनिवारी सकाळी पास्कूने पंप लावला. काळपट पाणी खालीखाली जाऊ लागलं तशी मंडळी जमली. अध्यक्ष पांढऱ्या झब्ब्यात, खांद्यावर उपरणं. त्यांच्याबरोबर मंडळाची पाच-सहा माणसं. तालीम सोडून अनघाताई आलेल्या, नऊवारीत, नथीसकट. दिरांच्या घरांतला एक पुतण्या, बेनू, काठावर अंग चोरून उभा. मावशींना खुर्चीत बसवून आणलं होतं. तळ उघडा पडला आणि असा वास सुटला की सगळ्यांचे रुमाल एकदम बाहेर आले.

पास्कू उतरला. मग मी. साठीच्या पुढच्या बाईला गाळात उतरायचं म्हणजे सोपं नसतं. पास्कूने हात धरला. पाय टाकला तो गाळात नाही, प्लास्टिकच्या थरावर. तो थर पायाखाली हलत होता, गिळगिळीत, मेलेल्या जनावराच्या कातडीसारखा. मला ओकारी आली. लहानपणी इथेच मी हसत बसकण मारत होते. तो थर हाताने ओढून काढावा लागला. खाली खरा गाळ लागला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

काठावरून अध्यक्ष सूचना देत होते. "मॅडम, जपून! अहो, ग्लोव्हज घाला!" व्हिडिओ करणाऱ्याला त्यांनी खुणेने थांबवलं, दाखवण्यासारखं काही निघत नव्हतं. मावशींनी विचारलं, "सायेब, उतरता ना?"

"मावशी, अहो, मनाने आम्ही तुमच्याबरोबरच आहोत!" अध्यक्ष हसले. "ही घाण बघून तरी पटलं ना? काय ठेवायचंय यात? डास, रोगराई. आम्ही सगळं स्वच्छ करून देतो. वर पेव्हर ब्लॉक."

तेवढ्यात पास्कूचा पाय कुठेतरी रुतला आणि तो "आय गो!" म्हणून ओरडला. मला वाटलं काच लागली. तो म्हणाला, "थंड हाय. झरा हाय खाली." मीही पाय तिथे नेला. तळातून गार पाणी घोट्याभोवती फिरत होतं. वर एवढा उकिरडा रचला, तरी खाली ते आपलं येतच होतं. बेनू काठावरून बघत होता. त्याने चपला काढल्या, पँट दुमडली आणि कुणाकडेही न बघता खाली उतरला. मग तिसऱ्या घरातली त्याची चुलतवहिनीही लुगडं खोचून उतरली.

दुपारपर्यंत आम्ही चौघं काढत राहिलो. मासळी म्हणाल तर एक मरळ मिळाली, तीही अर्धमेली. पास्कूने तिला बादलीत सोडली. बाकी जे निघालं ते काठावर ढिगाने पडलं. मावशी खुर्चीतून उठल्या. "पानं मांड," म्हणाल्या.

पास्कू दचकला. "आय, वाटे कसले? मासली कुठं हाय?"

"बावखलानं जे दिलं त्याचे वाटे घालायचे. आजपर्यंत गोड घेतलं, आता हे नको काय?"

केळीची पानं आली. त्यांच्यावर वाटे पडले. पत्रावळ्यांचा लगदा एकावर. बाटल्या, ढालीचे तुकडे एकावर. संडासाच्या भांड्याची खापरं एकावर. चौथ्यावर एक चिखलाने जड झालेली गुंडाळी. मावशी काठीवर भार देऊन सोनचाफ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पास्कूने पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं. अध्यक्ष अजून हसत होते, पण ते हसू आता कुठे ठेवावं त्यांना कळत नव्हतं.

"हा कुनाचा?"

"बेनूचा."

"हा कुनाचा?"

"पास्कूचा."

बेनूच्या वहिनीला बाटल्या गेल्या. अध्यक्ष म्हणाले, "अहो, पण हे तर सगळं आमच्या कार्यक्रमाचं..." आणि वाक्य अर्धं सोडून थांबले.

मावशी तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "तुमचं आसंल सायेब. पन तुमच्या अंगाला गाल नाय. तुम्हाला वाटा नाय. आनि वाटा नाय त्याला बोल पन नाय. बावखल ऱ्हाईल. पुढच्या वैशाखात या, उतरा, मंग बोलू." मग बेनूच्या बाजूला मान वळवून म्हणाल्या, "तू उतरलास. तुला बोल हाय. बोल."

बेनूने खाली बघितलं. पोटऱ्यांवरचा गाळ वाळून त्याला तडे गेले होते. "ऱ्हाऊ दे काकी," एवढंच तो म्हणाला. वहिनीने मान हलवली.

एक पान उरलं होतं. पास्कूने त्यावर बोट ठेवलं. "हा कुनाचा?"

"ह्या बायचा," मावशी म्हणाल्या.

मी गुंडाळी उलगडली. फ्लेक्स होता, गेल्या कार्यक्रमाचा. हाताने चिखल पुसला तशी अक्षरं वर आली. माझीच. 'इथल्या मातीचा कणन् कण बोलतो.' खाली मंडळाचं नाव, बाजूला हात जोडलेले अध्यक्ष. मघाशी पायाखाली जो गिळगिळीत थर लागला होता, झऱ्याच्या अगदी वर अंथरलेला, तो हाच. माझ्या शब्दांनी पाणी झाकलं होतं. दिवसभरात इतकी घाण चिवडली, पण अंगावर काटा आला तो तेव्हा. अनघाताईंना पाहिजे होता तसा.

महोत्सव व्हायचा तो होईल. फायबरचं बावखल मैदानात उभं राहतंय, रहाट फिरतोय, निवेदनासाठी त्यांना दुसरं कुणी मिळालं. मी नाही म्हटलं तेव्हा अध्यक्षांना आश्चर्य वाटलं नाही. फक्त त्यांनी नमस्कार जरा कमी वाकून केला. ट्रकमधून पडलेला ढीग पास्कू आणि बेनू उचलत आहेत. विहिरीचं पाणी गोड आहे, या वर्षापुरतं तरी. पुढच्या वैशाखाचं मला माहीत नाही. मावशींनाही माहीत नाही, पण त्या मला म्हणाल्या, "तवा पन ये."

त्या शनिवारी संध्याकाळी मी तशीच घरी आले. मावशी अंघोळीचं पाणी काढायला सांगत होत्या, मी नको म्हटलं. कुठलाही रिक्षावाला घेईना. एका केळीवाल्याच्या टेम्पोत मागे बसून आले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला अडवलं, मग आवाजावरून ओळखलं. लिफ्टचं दार उघडलं तर आत अनघाताई, माझ्या आधी परतून पुन्हा तालमीला निघालेल्या. ताजी अत्तराची फवारणी, नाकात चिमट्याची नथ. मी डोक्यापासून पायापर्यंत काळी, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं केळीचं पान, पानात ती गुंडाळी. त्या कोपऱ्यात सरकल्या आणि त्यांनी नथीवरून पदर नाकाला लावला.

"ई! मॅडम, कसली घाण ही?"

मी म्हटलं, "माझा वाटा आहे."